नीळ लागलेले हात

दरवर्षी जुलै महिन्यात आमच्या शाळेत दाखल्यांची गर्दी असते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. मुलांचे अर्ज तपासून देण्याचे काम आमच्याकडे असते. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने अर्ज आणला, त्यात जातीच्या रकान्यात 'मुस्लिम' एवढेच लिहिले होते. आम्ही तिला समजावले, "बेटा, मुस्लिम हा आपला धर्म झाला. दाखला बिरादरीचा निघतो. घरी विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आली. अर्ज चार घड्या करून मुठीत धरलेला. रकान्यात पेन्सिलीने, वाचता येईल न येईल इतक्या बारीक अक्षरात लिहिले होते, 'रंगरेज'.

"टीचर, हे वर्गात वाचू नका," ती म्हणाली. "आम्ही शेख आहोत. सगळ्यांना तेच माहीत आहे."

रंगरेज म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते की, घरात हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो.

ज्यांनी हे दाखले काढले आहेत त्यांना पुढची अडचण सांगायला नको. आपल्या राज्यात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आपल्या बहुतेक घरांत त्या काळचे कागद नसतात, आणि असले तरी शाळेच्या नोंदीत जातीपुढे 'मुसलमान' लिहून गुरुजी मोकळे झालेले असतात. या मुलीचे आजोबा मात्र आमच्याच शाळेत शिकले होते. आम्ही जुने दाखल-खारिज रजिस्टर काढले. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आजोबांचे नाव सापडले. जात: मुसलमान. पालकाचा धंदा: रंगकाम.

त्या एका शब्दाने आम्हाला त्या मुलीच्या दादींपर्यंत नेले, आणि दादींनी निळीपर्यंत.

दादींची नांद

दादींचे वय ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येते, पण बोलणे खणखणीत. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा अंगणात कडुनिंबाखाली तीन मोठ्या नांदी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या होत्या. "जमिनीत का पुरायच्या, दादी?" आम्ही विचारले. "अरे, थंडीत ती झोपते ना! मातीत ऊब राहते." दादी नांदीबद्दल बोलतात ते घरातल्या दुभत्या जनावराबद्दल बोलावे तसे. ती भुकेली असते, रुसते, झोपते, आजारी पडते.

सासरे नांदीत पाणी, चुना, गूळ आणि उकडलेल्या तरोट्याच्या बिया घालत. तरोटा म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने, पडीक रानात माजतो तोच. मग नीळ वाटून घालायची, वर गोणपाट झाकायचे आणि वाट पाहायची. सकाळी फजरची नमाज झाली की, सासरे पहिल्यांदा गोणपाट उचलून पाहत. पाणी निळे दिसले तर म्हणत, आज नांद नाराज आहे. पिवळे-हिरवे दिसले, वर तांबूस चकाकणारी साय आणि मध्ये निळा फेस दिसला की, बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू.

हे ऐकून आम्हाला वाटले, दादींचा काही गोंधळ होतो आहे. निळा रंग द्यायचा आणि पाणी निळे दिसले तर वाईट? पण दादींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. त्याचे कारण पुढे सांगतो.

गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया लुगडी घेऊन येत. संक्रांतीला नेसायची काळी चंद्रकळा असते ना, ती काळी दिसते ती निळीमुळे. नांदीत बुडवायची, वाऱ्यावर धरायची, पुन्हा बुडवायची. असे करत निळा इतका गडद करायचा की, काळाच वाटावा. हिंदू सुवासिनीच्या सणाचा रंग मुसलमान रंगरेजाच्या अंगणात तयार होई, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

"सासऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे," दादी सांगत होत्या. "जुम्म्याला राख लावून घासायचे, तरी नखातली नीळ जात नसे. कोणीतरी म्हणाले, असल्या हातांनी वजू होतो का? ते मौलवीसाहेबांकडे गेले. मौलवीसाहेब म्हणाले, मेंदीचा रंग पाणी अडवतो का? मग हाही नाही अडवत. हलाल कमाईचा रंग आहे, लपवू नका." दादी जरा थांबल्या. "पण पोरांनी लपवला. मुलींचे रिश्ते यायचे तेव्हा म्हणायचे, आम्ही शेख आहोत. नांदी बुजवल्या, वर संडास बांधला."

पाणी पिवळे, कपडा निळा

आता त्या पिवळ्या पाण्याचे कोडे सोडवू.

निळीचे झाड म्हणजे कमरेएवढे वाढणारे एक झुडूप. शास्त्रीय नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया. हरभरा, तूर, मूग यांच्याच कुळातले. त्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि ते जमिनीला नत्र देते. जुन्या मराठीत याला गुळीही म्हणत. पाने हिरवीगार, निळ्या रंगाचा मागमूस नाही. पानात 'इंडिकन' नावाचे बिनरंगाचे द्रव्य असते. फुलोऱ्याच्या सुमारास झाड कापून पाला हौदात रात्रभर भिजवतात. पाणी आंबते, इंडिकन फुटते. मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन दोन-तीन तास काठ्यांनी किंवा पायांनी घुसळतात. हवा लागली की, पाणी हिरवे, मग निळे होते आणि निळा गाळ तळाशी बसतो. गाळ उकळून, गाळून, दाबून, वड्या पाडून सावलीत वाळवायचा. पाला गाडीभर, नीळ मूठभर.

ही वडी पाण्यात विरघळत नाही. निळीची अडचण आणि तिची मौज, दोन्ही इथेच आहेत. जे विरघळत नाही ते धाग्यात शिरणार कसे? म्हणून नांद. चुन्यामुळे पाणी खारट-तुरट, म्हणजे आम्ही शाळेत शिकवतो तसे आम्लारीधर्मी होते. गूळ आणि तरोट्याच्या बिया आंबताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि निळीचे क्षपण होते. तशी नीळ आपला रंग सोडते, पिवळसर-हिरवी होते आणि पाण्यात विरघळते. तेवढ्या वेळात कपडा बुडवला की, ती धाग्याच्या आत जाते. कपडा बाहेर काढला की, हवेतला ऑक्सिजन पुन्हा मिळतो. डोळ्यांदेखत पिवळा कपडा हिरवा, हिरव्याचा निळा होतो. आता ती नीळ धाग्यातच पुन्हा न विरघळणारी झाली. म्हणून धुतली तरी सुटत नाही.

म्हणजे नांदीतले पाणी निळे दिसते याचा अर्थ नीळ विरघळलेलीच नाही, नुसती तरंगते आहे. असा कपडा रंगवला तर वरवर निळा दिसेल आणि पहिल्या धुण्यातच फिका पडेल. दादींच्या सासऱ्यांना ऑक्सिजन हा शब्द माहीत नव्हता. नांद नाराज आहे, एवढे माहीत होते. काम त्यानेच भागत होते.

दुसऱ्या अनेक वनस्पती रंगांना तुरटी किंवा लोहाचे पाणी देऊन धागा आधी तयार करावा लागतो, तेव्हा रंग धरतो. निळीला त्याची गरज नाही. धागा मात्र निसर्गातला हवा: सूत, लोकर, रेशीम, ताग. पॉलिस्टरवर ती टिकत नाही. कपडा कशाचा आहे हे कळत नसेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत कागदासारखे जळते आणि राख होते. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

एक खुलासा करायला हवा. आपण पांढऱ्या कपड्यांना देतो ती 'नीळ' ही नीळ नव्हे. ती बहुधा अल्ट्रामरीन नावाची पूड किंवा कारखान्यातला दुसरा रंग असतो. नाव मात्र जुन्या निळीचे राहिले.

आपल्या जिल्ह्याचा वाटा

कापूस, विणकर आणि खार, हे तिन्ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यात होते. कापसाचे तर सांगायलाच नको. खामगावच्या कापूस बाजारासाठी 1870 मध्ये जलंब ते खामगाव अशी खास रेल्वे टाकली गेली. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की, गावाला तटबंदी बांधण्याचा खर्च त्यांनी उचलला आणि तिथल्या वेशीला मोमिनांचे नाव मिळाले, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये आहे. विणकर आहेत तिथे रंगारी असणारच. वऱ्हाडात हे काम करणाऱ्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. कोणी भावसार, कोणी रंगारी, कोणी निराळी किंवा निलगर, कोणी छिपा, कोणी रंगरेज. नावे वेगळी, नांद एकच.

आणि खार म्हटले की, लोणार. अकबर बादशहाच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारे सगळे साहित्य तिथे मिळते, असे तो सांगतो. सरोवराच्या पाण्यातल्या सोड्यामुळे हे शक्य होते. आज लोणार अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. तिथून चिमूटभरही काही आणायचे नाही. पण वर्गात आम्लारी म्हणजे काय हे शिकवताना आम्ही मुलांना सांगतो: लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, आणि सुती कपड्यासाठी निळीच्या नांदीलाही साधारण तेवढाच, किंवा थोडा जास्त लागतो. पुस्तकातला आकडा मग मुलांच्या लक्षात राहतो.

नीळ गेली कशी

जगात या रंगाला जे नाव मिळाले ते आपल्याच देशाचे. ग्रीक लोक त्याला 'हिंदुस्थानचा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत, त्यातून इंडिगो आले. आपला 'नील' फारसी-अरबीत गेला, अरबीतला 'अन-नील' पोर्तुगीजांनी 'अनिल' म्हणून उचलला, आणि त्यावरून पुढे रसायनशास्त्रात 'अॅनिलीन' हे नाव आले. मोगलांच्या काळात आग्र्याजवळचे बयाना आणि अहमदाबादजवळचे सरखेज इथली नीळ युरोपापर्यंत जात होती.

इंग्रजांच्या राज्यात या निळीला रक्ताचा डाग लागला. बंगालमध्ये मळेवाले शेतकऱ्यांना आगाऊ पैसे देऊन कर्जात अडकवत आणि भाताच्या जमिनीत जबरदस्तीने नीळ पेरायला लावत. 1859-60 मध्ये तिथल्या हिंदू-मुसलमान शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला. बिहारच्या चंपारणमध्ये तीनकाठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे मळेवाल्यासाठी निळीखाली ठेवायचे. 1917 मध्ये महात्मा गांधी तिथे गेले आणि पुढच्या वर्षी कायद्याने ही सक्ती गेली, हे आपण शाळेत शिकतो.

पण गांधीजी येण्याआधी ही हकीकत वर्तमानपत्रात कोण लिहीत होते? बेतियाचे पीर मुहम्मद मूनिस. ते शिक्षक होते. शेतकऱ्यांवरच्या जुलमाबद्दल कानपूरच्या 'प्रताप'मध्ये लिहिल्यामुळे त्यांची नोकरी गेली, तरी लेखणी थांबली नाही. त्याच भागात त्यांच्या आधी शेख गुलाब या शेतकऱ्याने नीळ पेरायला नकार देऊन लोकांना उभे केले होते. ही नावे आपल्या मुलांना माहीत असायला हवीत. शिक्षक म्हणून आम्हाला मूनिससाहेबांचा विशेष अभिमान वाटतो.

तोवर जर्मनीत वेगळेच घडले होते. आडॉल्फ फॉन बायर या शास्त्रज्ञाने 1880 मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार केली आणि 1897 मध्ये बी.ए.एस.एफ. या कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. त्या वर्षी जगात झाडापासून सुमारे 19,000 टन नीळ निघत होती. 1914 पर्यंत ती 1,000 टनांवर आली. आज जगभरातल्या जीन्स पँटी ज्या निळीने रंगतात ती जवळजवळ सगळी कारखान्यातलीच असते.

दादींना आम्ही मुद्दाम विचारले, सासरे नीळ कुठून आणत? "दुकानातून, डब्यातली," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या काळी झाडाची नीळ जाऊन कारखान्याची नीळ आली होती, पण नांद जुनीच होती. हुनर हातात होते, तोवर घर चालले. मग गिरणीचे तयार रंगीत कापड गावोगावी आले, लुगड्यांच्या जागी छापील साड्या आल्या आणि नांदीला गिऱ्हाईक उरले नाही. यात कोणाचा दोष काढायचा? धंदे येतात आणि जातात. पण धंदा गेला म्हणून त्याची लाज वाटायला लागावी, हे मात्र आमच्या मनाला पटले नाही.

ज्यांनी गावालाच हुनराचे नाव दिले

गुजरातमधल्या कच्छची गोष्ट सांगतो. तिथे धमडका गावात खत्री मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापतात. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी दोन्ही बाजूंनी छापलेले निळे-लाल कापड. हे नाव निळ्या रंगाच्या 'अज़रक' या अरबी शब्दावरून आले, असे मानतात. इजिप्तमध्ये कैरोजवळच्या जुन्या फुस्तात शहराच्या अवशेषांत गुजरातेतल्या छापील सुती कापडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे सापडले आहेत, त्यांत निळीने रंगवलेलेही आहेत.

2001 च्या भूकंपात धमडका उद्ध्वस्त झाले आणि तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोहाच्या पाण्याने रंग बिघडतो. मग त्यातल्या अनेक कुटुंबांनी भुजजवळ चांगले पाणी पाहून नवी वस्ती वसवली. तिचे नाव काय ठेवले? अजरखपूर. इथले कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ज्या हातांना नीळ लागली त्याच हातांना.

आमच्या मनात सारखे येत राहिले, की काम तेच, नांद तीच, दीनही तोच. एका ठिकाणी हुनराचे नाव गावाला मिळाले, दुसऱ्या ठिकाणी ते पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहावे लागले. हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण मुलांना हदीसच्या तासाला शिकवतो. मग रिश्ता ठरवताना रंगरेज, कसाई, पिंजारी, फकीर ही नावे ऐकून आपल्या कपाळाला आठ्या का पडतात? हा प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाच आहे.

शाळेतली नांद

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही ठरवले की, मुलींना नांद दाखवायची. तामिळनाडूत आजही निळीची शेती होते. तिथली थोडी नीळ मागवली. दादींच्या घरच्या नांदी बुजल्या होत्या, म्हणून झाकणाची प्लॅस्टिकची बादली घेतली. विज्ञानाच्या पुस्तकात पाहून सगळे काटेकोर मोजून घातले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तर पाणी गडद निळे. तिसऱ्या दिवशीही निळेच. मुली आनंदल्या, आम्ही मात्र गप्प. रुमाल बुडवून काढला, नळाखाली धरला, आणि सगळा रंग वाहून गेला.

शेवटी नातीने दादींना रिक्षातून शाळेत आणले. दादींनी बादलीत बोट बुडवले, दोन बोटांत पाणी चोळून पाहिले, वास घेतला. "चुना बरोबर आहे, हाताला बुळबुळीत लागतो. गूळ कमी आहे. आणि एवढ्या थंडीत व्हरांड्यात ठेवली? हिला उन्हात ठेवा, गोणपाट गुंडाळा." आम्ही तसे केले. मूठभर गूळ कोमट पाण्यात विरघळवून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण काढले. वर तांबूस साय, मध्ये निळा फेस, आणि काठीने साय बाजूला केली तर खाली हिरवट-पिवळे पाणी.

मुलींनी रुमालांत तुरीचे दाणे दोऱ्याने घट्ट बांधले होते. एकेक रुमाल अलगद बुडवला, पाच मिनिटांनी काढला. पिवळट-हिरवा रुमाल हवेत निळा होताना पाहून सगळा वर्ग ओरडला. कोणीतरी विचारले, "टीचर, हे काम कोण करायचे?" आम्ही उत्तर देणार, तेवढ्यात ती मुलगी स्वतःच म्हणाली, "माझे पणजोबा. ते रंगरेज होते. या माझ्या दादी." दादींना ते ऐकू आले की नाही, कळले नाही. त्या बादलीवर झाकण ठेवत होत्या.

घरी करून पाहायचे असेल तर

पाच लिटर पाण्याला नीळ 25 ग्रॅम, विरलेला चुना 50 ग्रॅम आणि गूळ 75 ते 100 ग्रॅम. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग किंवा थोडा जास्त गूळ, असा हा सोपा हिशेब. नीळ कोमट पाण्यात वाटून एकजीव करावी. हाताला सोसवेल त्याहून थोड्या गरम पाण्यात आधी गूळ विरघळवावा, मग नीळ, शेवटी चुना हळूहळू घालावा. सावकाश ढवळून झाकावे आणि उबेत ठेवावे. पाणी हिरवट-पिवळे झाल्याशिवाय कपडा घालू नये.

नवा सुती कपडा धुण्याचा सोडा घालून तासभर उकळून घ्यावा, म्हणजे खळ आणि मेण निघते. ओला करूनच बुडवावा. आत-बाहेर करताना बुडबुडे होऊ देऊ नयेत, कारण हवा शिरली की, नांद बिघडते. पाच-दहा मिनिटे आत, दहा-पंधरा मिनिटे हवेत. एकदा खूप वेळ बुडवण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने अनेकदा बुडवल्यास रंग गडद आणि पक्का येतो. शेवटी साध्या पाण्यात धुवून, थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढावा. लोकर आणि रेशीम चुन्याने खराब होतात. त्यांना चुना कमी आणि वेळही कमी.

काळजी घ्यावी अशा गोष्टी: कळीचा चुना वापरू नये, तो पाण्यात उकळतो आणि भाजतो. विरलेला चुनाही डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. भांडी आणि ढवळायची काठी स्वयंपाकाची नसावी.

आपल्या घरांत मेंदीबरोबर केसांना लावायला इंडिगो पावडर आणतात, ती याहून वेगळी. ती निळीच्या पानांची पूड असते, तर कपड्यांची नीळ म्हणजे पानातून काढलेला रंग. एकीच्या जागी दुसरी वापरू नये. केसांची पावडर घेताना डब्यावर पी.पी.डी. असे काही लिहिले आहे का, तेही वाचावे. या रसायनाने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो.

ज्यांना निसर्गरंगांचे काम मोठ्या प्रमाणात पाहायचे आहे त्यांनी वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहावे. गांधीजींच्या काळात, 1938 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आज निसर्गरंगांनी रंगवलेली खादी तयार होते. एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. मात्र कोणी सांगेल की, नीळ लावा आणि लखपती व्हा, तर लगेच शेत देऊ नका. हौद, भरपूर पाणी आणि त्याच दिवशी पाला भिजवण्याची सोय लागते, आणि गिऱ्हाईक आधी ठरवावे लागते. नाही तर चंपारणच्या शेतकऱ्यांसारखे दुसऱ्याच्या निळीसाठी आपण राबू.

विचारून ठेवा, लिहून ठेवा

त्या मुलीचा अर्ज एकदा परत आला. जुन्या रजिस्टरच्या उताऱ्यावरची मोहर पुसट होती. आम्ही नवा उतारा काढून दिला. पुढे जे व्हायचे ते होईल, इन्शाअल्लाह चांगलेच होईल. पण दुसऱ्या वेळी तिने अर्ज पेनाने भरला होता, हे आम्ही पाहिले.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या घरात दादा-दादी, नाना-नानी असतील तर या जुम्म्याला त्यांच्याजवळ बसा. आपले वडीलधारे कोणते काम करत होते? कोणती हत्यारे होती? गिऱ्हाईक कुठून येई? काम बिघडले की, ते कसे ओळखत? मिळेल ते वहीत लिहून ठेवा, तारखेसह. कधी दाखल्याला उपयोगी पडेल, कधी मुलांच्या शाळेत. आणि कशालाच उपयोगी पडले नाही, तरी आपल्या मुलांना एवढे कळेल की, त्यांच्या घरात कधीकाळी कुणाचे तरी हात निळे होते आणि ती कमाई हलाल होती.